बिअरच्या कारखान्यातल्या पोराने पाण्यात तार बुडवली आणि आपल्या गिझरचं गणित सुटलं

सकाळचे साडेसहा. पांघरुणातून एक हात बाहेर येतो, गिझरचं बटण दाबतो आणि परत आत जातो. वीस मिनिटांनी नळाला कडकडीत पाणी.

या वीस मिनिटांत गिझरच्या आत काय चालतं, याचा विचार आपण करत नाही. तो करायची वेळ दोनदाच येते. एकदा लाईटबिल हातात पडल्यावर आणि दुसऱ्यांदा गिझरचा प्लग काळा पडून जळका वास यायला लागल्यावर.

गंमत बघा, या दोन्ही भानगडींचं उत्तर एकाच माणसाने शोधून ठेवलंय. तेही १८४० च्या दशकात, जेव्हा बल्ब नव्हता, वीज कंपनी नव्हती आणि लाईटबिल तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हा माणूस ना कुठल्या विद्यापीठात शिकला, ना प्राध्यापक झाला. घरचा बिअरचा कारखाना सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचा.

नाव होतं जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

दहावीला विज्ञानात त्याचा उष्णतेचा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलाय. नियम पेपरात लिहून झाला आणि माणूस मात्र पुस्तकातच राहिला. तर आज त्याची गोष्ट.

घरचा धंदा बिअरचा

गिरणगाव म्हटलं की आपल्याला लालबाग-परळ आठवतं. पण त्या काळी सगळ्या जगाचं गिरणगाव होतं इंग्लंडमधलं मँचेस्टर. त्याला खेटून असलेल्या सॅलफर्डमध्ये २४ डिसेंबर १८१८ ला ज्यूलचा जन्म झाला. वडील बेंजामिन ज्यूल यांची मोठी ब्रुअरी होती. म्हणजे घरात पैशाची ददात नव्हती.

पोरगा मात्र तब्येतीने नाजूक. लहानपणापासून पाठीच्या कण्याचा त्रास होता. स्वभाव लाजाळू. त्यामुळे बरंचसं शिक्षण घरीच झालं.

१८३४ मध्ये वडिलांनी त्याला आणि मोठ्या भावाला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे शिकवणीला धाडलं. हे मास्तर म्हणजे जॉन डाल्टन. होय, तेच अणुसिद्धांतवाले डाल्टन. त्यांनी पोरांना थेट अणू-रेणू शिकवले नाहीत. आधी अंकगणित आणि भूमिती घोटून घेतली. १८३७ मध्ये डाल्टनना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी बंद पडली. पण तोवर काम झालं होतं. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय मानायची नाही, ही सवय ज्यूलला कायमची लागली.

विजेचं वेड तर आधीपासूनच होतं. दोघं भाऊ एकमेकांना आणि घरातल्या नोकरांना विजेचे झटके देऊन बघायचे. आज असलं काही कुणी करू नये, पण त्या काळात वीज हा नवाकोरा खेळ होता.

स्वप्न होतं मोटारचं

ब्रुअरीत काम म्हणजे पाणी उपसायचं, धान्य ढवळायचं, ओझी हलवायची. कारखान्यांमधली असली कामं तेव्हा वाफेच्या इंजिनावर चालायची आणि इंजिनाला लागायचा कोळसा.

त्याच सुमारास विजेवर फिरणाऱ्या मोटारची युरोपात जोरात चर्चा होती. ज्यूललाही वाटलं की वाफेचं इंजिन काढून तिथं विजेची मोटार बसवता येईल. १८३८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने आपल्या मोटारबद्दलचा पहिला लेख छापून आणला. विजेची ताकद जवळजवळ फुकटात मिळेल, असं सुरुवातीला त्यालाही वाटत होतं.

मग त्याने हिशोब मांडला.

तेव्हा वीज यायची बॅटरीतून आणि बॅटरीत खर्ची पडायचं जस्त. एक पौंड जस्त संपल्यावर मोटार किती वजन उचलते, हे त्याने मोजलं. एक पौंड कोळशात त्या वेळचं चांगलं वाफेचं इंजिन किती उचलतं, तेही बघितलं. १८४१ पर्यंत चित्र स्पष्ट झालं. मोटारचं काम इंजिनाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं भरत होतं आणि जस्त तर कोळशापेक्षा कितीतरी महाग.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आतबट्ट्याचा व्यवहार.

दुसऱ्या कुणी वही मिटून ठेवली असती. ज्यूलला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. वीज तारेतून जाते तेव्हा तार गरम होते. मग ही उष्णता नेमकी किती आणि कशावर अवलंबून?

तार, पाणी आणि थर्मामीटर

आता जो प्रयोग सांगतोय, तो नीट डोळ्यासमोर आणा.

ज्यूलने काचेच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळली. ती गुंडाळी पाण्याने भरलेल्या बरणीत बुडवली. तारेतून वीज सोडली. पाण्यात थर्मामीटर धरला आणि तापमान किती चढतं ते लिहून ठेवलं.

ओळखीचं वाटतंय ना? पाण्यात बुडवलेली तार आणि तिच्यातून जाणारी वीज. आपल्या बाथरूममधल्या गिझरचं मूळ रूप ते हेच. फरक इतकाच की ज्यूलला अंघोळ करायची नव्हती, त्याला आकडे हवे होते.

आकडे मिळवणं सोपं नव्हतं. विजेची धारा मोजायचं तयार यंत्र बाजारात मिळत नव्हतं. त्याने स्वतःचं यंत्र बनवलं आणि त्याची मापंही स्वतः ठरवली. मग सारख्याच लांबीच्या दोन तारा घेतल्या, एक जाड आणि एक बारीक. दोन्हींतून सारखीच धारा सोडली तर बारीक तारेचं पाणी जास्त तापलं. बारीक तार विजेला जास्त अडवते. या अडवण्याला आपण रोध म्हणतो. रोध जितका जास्त, त्याच प्रमाणात उष्णता जास्त.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. धारा दुप्पट केली तर उष्णता दुप्पट होईल असं कुणालाही वाटेल. ती झाली चौपट. धारा तिप्पट केली तर उष्णता नऊपट.

म्हणजे उष्णता = धारेचा वर्ग × रोध × वेळ. हाच तो दहावीचा नियम.

डिसेंबर १८४० मध्ये, बाविसावा वाढदिवस तोंडावर असताना, ज्यूलचा हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेला. सोसायटीने त्याचा फक्त छोटा सारांश छापला. सविस्तर लेख पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला. थोड्याच काळाने रशियात हाइनरिख लेंझनेही स्वतंत्रपणे हाच नियम शोधला, म्हणून काही ठिकाणी याला ज्यूल-लेंझ नियम म्हणतात.

हाच नियम आपल्या बाथरूममध्ये

आता ज्यूलला थोडा वेळ थांबवू आणि आपल्या गिझरकडे वळू.

२,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर धारा ओढतो. त्याच्या कॉइलचा रोध असतो सुमारे २६ ओहम. कॉइलमध्ये नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची तार असते, जी विजेला चांगलीच अडवते आणि लाल होईपर्यंत तापली तरी सहज जळत नाही. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. त्यावर धातूची नळी. म्हणून तार पाण्यात असूनही पाण्यात करंट उतरत नाही.

मग प्रश्न येतो की तीच ८.७ अँपिअर धारा भिंतीतल्या वायरमधूनही जाते, तर वायर का तापत नाही? कारण तांब्याच्या वायरचा रोध फारच कमी. बोर्डापासून गिझरपर्यंत दहा मीटर अंतर आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर धरली, तर जाऊन-येऊन सगळ्या वायरीत मिळून दहाएक वॉट उष्णता तयार होते. तीही वीस मीटर लांबीवर पसरलेली. हाताला कळतही नाही.

आता समजा प्लग सॉकेटमध्ये ढिला बसलाय. पिन आणि सॉकेटच्या पत्र्यात नीट स्पर्श नाही आणि तिथं फक्त एक ओहम रोध तयार झाला. ज्यूलचा नियम लावा. ८.७ चा वर्ग सुमारे ७५. म्हणजे त्या नखाएवढ्या जागेत ७५ वॉट उष्णता! सोल्डरिंगची इस्त्री याहून कमी वॉटवर कथील वितळवते. प्लग काळा का पडतो, प्लास्टिकचा वास का येतो, याचं उत्तर हे आहे.

त्यात वर्गाचा खेळ विसरू नका. ३,००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर ओढतो. धारा दीडपट झाली, पण ढिल्या जोडणीतली उष्णता सव्वादोनपट. म्हणून गिझरला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट लागतं. मोबाईल चार्जरच्या शेजारी एक्स्टेंशन बोर्डावर गिझर किंवा पाण्यात टाकायचा रॉड लावणं म्हणजे संकटाला आवतण. प्लग गरम लागत असेल तर बटण बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. नुसता प्लग बदलून भागत नाही, कारण ढिलेपणा बऱ्याचदा सॉकेटमध्ये असतो.

इथं एक गोंधळ अनेकांचा होतो. रोध जास्त तर उष्णता जास्त, मग मोठ्या गिझरच्या कॉइलचा रोध जास्त असेल ना? उलट आहे. ३,००० वॉटच्या गिझरचा रोध १८ ओहमच्या आत असतो. ज्यूलने दोन्ही तारांत धारा सारखी ठेवली होती. आपल्या घरात ठरलेलं असतं ते व्होल्टेज. तिथं रोध कमी केला की धारा वाढते आणि धारेचा वर्ग बाजी मारतो. गावाकडे व्होल्टेज २३० वरून २०० वर उतरलं की तोच २,००० वॉटचा गिझर दीड हजार वॉटवर येतो. पाणी तापायला वेळ का लागतो, ते यातून कळतं.

कुणी ऐकूनच घेईना

परत मँचेस्टरला जाऊ.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी होती की उष्णता हा एक अदृश्य पदार्थ आहे. तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, पण तो नव्याने बनत नाही आणि नष्टही होत नाही.

ज्यूलला हे पटेना. बॅटरीशिवाय, हाताने किंवा वजनाने फिरवायच्या यंत्रातून त्याने वीज तयार केली आणि तिनेही पाणी तापलं. ही उष्णता आली कुठून? बाहेरून कुणी ओतली नव्हती. यंत्र फिरवायला जे कष्ट पडले, त्यांचीच उष्णता झाली होती. १८४३ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात शास्त्रज्ञांच्या संमेलनात त्याने हे मांडलं. सभेत शांतता. कौतुक नाही आणि वादही नाही.

पुढच्या वर्षी त्याने हवा दाबून उष्णतेचं माप काढलं. रॉयल सोसायटीने तो निबंध आपल्या मुख्य नियतकालिकात छापायला नकार दिला.

यामागं एक कारण त्याच्या आकड्यांमध्येच होतं. तापमानात पडणारा फरक इतका सूक्ष्म असायचा की एवढा बारीक फरक कुणी मोजू शकतो यावरच लोकांचा विश्वास बसायचा नाही. पण ज्यूल ब्रुअरीत वाढलेला. बिअर बनवताना तापमान जरा चुकलं की अख्खा घाणा वाया जातो. थर्मामीटर वाचणं त्याच्या रोजच्या धंद्यातलं होतं. शिवाय मँचेस्टरच्या एका कुशल कारागिराकडून त्याने अतिशय बारीक खुणांचे थर्मामीटर बनवून घेतले होते.

मग त्याने सगळ्यात साधा प्रयोग केला. भांड्यात पाणी, पाण्यात पात्यांची रवी, रवीला दोरी आणि दोरीला वजन. वजन खाली येतं, रवी फिरते, पाणी घुसळलं जातं आणि किंचित तापतं. परत वजन वर, परत खाली. ताकासारखं पाणी घुसळत राहायचं आणि तापमान लिहीत राहायचं. वर्षानुवर्षं त्याने हे केलं.

१८४७ मध्ये त्याने आपला सगळा सिद्धांत मँचेस्टरच्या एका चर्चच्या शाळेत व्याख्यानातून मांडला. तो सविस्तर छापून आला एका स्थानिक वर्तमानपत्रात. त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या संमेलनात अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं.

पण त्या दिवशी सभेत विल्यम थॉमसन बसला होता. बाविसाव्या वर्षीच ग्लासगोत प्राध्यापक झालेला. हाच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाला. ज्यूलचं म्हणणं त्याला लगेच पटलं नाही, पण यात काहीतरी मोठं आहे हे त्याने ओळखलं. तिथून ज्यूलचे दिवस पालटायला लागले.

हनिमूनला थर्मामीटर

त्याच ऑगस्टमध्ये ज्यूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं आणि जोडपं आल्प्स पर्वतात फिरायला गेलं. योगायोगाने थॉमसनही तिथंच भटकत होता. त्याला रस्त्यात ज्यूल भेटला, हातात लांबलचक थर्मामीटर आणि मागून येणाऱ्या गाडीत नवी नवरी. ज्यूलला धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायचं होतं. पाणी उंचावरून आदळतं तर खाली ते किंचित गरम असायला हवं, असा त्याचा हिशोब.

हा किस्सा थॉमसनने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितला, त्यामुळे त्यात थोडं तिखटमीठ असू शकतं. पण धबधब्याचा हिशोब पक्का होता. फक्त प्रत्यक्षात पाण्याचे इतके तुषार उडतात की तिथं तापमान मोजणंच जमत नाही.

मान मिळाला, घर रिकामं झालं

१८५० मध्ये रॉयल सोसायटीने ज्यूलला सदस्य करून घेतलं. दोन वर्षांनी पदक दिलं. १८७० मध्ये आपलं सर्वोच्च कोपली पदकही दिलं. थॉमसनबरोबर त्याने वायूंवर प्रयोग केले आणि वायू थंड करून त्यांचा द्रव बनवण्याच्या तंत्राला पुढे त्याच कामाचा आधार मिळाला.

घरी मात्र वेगळंच घडत होतं. १८५४ मध्ये अमेलिया गेली. त्याच वर्षी जन्मलेलं बाळही गेलं. दोन लहान मुलं आणि ज्यूल मागे राहिले. त्याच दशकात ब्रुअरी विकली गेली. प्रयोगांचा खर्च तो बऱ्याच अंशी आपल्याच खिशातून करत आला होता आणि हळूहळू तो खिसा रिकामा झाला. १८७८ मध्ये सरकारने त्याला वर्षाला २०० पौंडांची पेन्शन मंजूर केली.

त्याच वर्षी, साठीला टेकलेला असताना, त्याने पाणी घुसळण्याचा आपला जुना आकडा पुन्हा तपासून प्रसिद्ध केला. उत्तर आलं ७७२.५५. म्हणजे एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटने तापवायला, ७७२.५५ पौंड वजन एक फूट खाली यावं लागतं. आज आपण मानतो ती किंमत सुमारे ७७८ आहे. दोरी, वजन आणि रवी घेऊन हा माणूस एका टक्क्याच्या आत पोचला होता.

ऑगस्ट १८८९ च्या शेवटी पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला ज्यूल हे नाव दिलं. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ११ ऑक्टोबर १८८९ ला, सेल गावात ज्यूलने जगाचा निरोप घेतला. त्याच्या थडग्यावर वरच्या बाजूला एक आकडा कोरलाय, ७७२.५५.

मँचेस्टरच्या टाऊन हॉलमध्ये त्याचा पुतळा आहे. समोर कोण? त्याचे मास्तर, जॉन डाल्टन.

आता लाईटबिलाचं बघू

सुरुवातीला दोन भानगडी सांगितल्या होत्या. प्लगचा हिशोब झाला, बिलाचा राहिला.

ज्यूलच्या मोजमापाचं सार असं की ऊर्जा फुकट येत नाही आणि हरवतही नाही, तिचं फक्त रूप बदलतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२ लाख ज्यूल लागतात. आकडा डोक्यावरून गेला? मग असं बघा. समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यावर १३५ किलो ओझं चढवायला तेवढीच ऊर्जा लागते. आपली एक अंघोळ म्हणजे हे.

विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे या पाण्याला ०.६ युनिटच्या आसपास वीज लागणारच. कॉइल कुठल्याही कंपनीची असो, महाग असो की स्वस्त, तिच्यात गेलेल्या सगळ्या विजेची उष्णताच होते. त्यामुळे आमची खास कॉइल अर्ध्या विजेत पाणी तापवते, असं कुणी सांगितलं तर हसून पुढे चला. हीट पंपाचं गिझर खरोखर कमी वीज घेतं, पण ते बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतं. म्हणजे हिशोब तिथंही चुकत नाही.

मग फाइव्ह स्टार गिझरमध्ये वेगळं काय असतं? त्याच्या टाकीभोवतीचं आवरण चांगलं असतं. तापलेलं पाणी लवकर निवत नाही. साठवणीच्या गिझरचे स्टार ठरतात ते या गळतीवरून. गिझर दिवसभर चालू ठेवला तर फरक चांगलाच जाणवतो. अंघोळीआधी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याला कमी.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक काम करा. कॉइलवर पांढरा क्षार साचतो आणि उष्णता पाण्यात जायला अडखळते. आतली तार जास्त तापते आणि कॉइल लवकर जाते. अधूनमधून ती साफ करून घ्या.

बिल खरंच कमी करायचं असेल तर ज्यूलच्या हिशोबात दोनच जागा आहेत. पाणी कमी तापवा किंवा कमी पाणी तापवा.

उद्या सकाळी बटण दाबल्यावर तो लाल दिवा लागेल, तेव्हा प्लगला एकदा हात लावून बघा. गार असेल तर निवांत अंघोळ करा.